घराचे लाकूड : प्रस्तावना

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरून मान वर केली की कातळाच्या कमानदार छताला लागून लाकडी फासळ्यांची रांग दिसते. छत डोंगराचेच असल्यामुळे या फासळ्यांवर कसलेच ओझे नाही. लाकडी चैत्यगृहे बांधणाऱ्यांची रीत दगडात उतरली तेव्हा कारागिरांनी रूप तेच ठेवले आणि फासळ्या खऱ्या लाकडाच्या बसवल्या. त्या सागाच्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच सुमारे दोन हजार वर्षे जागच्या हललेल्या नाहीत. लोणावळ्याजवळच्या ज्या पट्ट्यात पावसाळाभर भिंतींना शेवाळ धरते, तिथली ही गोष्ट आहे.

याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवू. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचा टिकाऊपणा तपासण्याची रीत अगदी साधी आहे. सारख्या मापाचे खुंट उघड्या मैदानात अर्धे जमिनीत पुरायचे आणि वाळवी व बुरशी ते किती काळात संपवतात ते पाहायचे. सरासरी १२० महिने किंवा त्याहून अधिक टिकणाऱ्या लाकडाला पहिला वर्ग मिळतो, ६० ते १२० महिने टिकणाऱ्याला दुसरा, आणि त्याआधीच संपणाऱ्याला तिसरा. साग पहिल्या वर्गात येतो, आंबा आणि सावर तिसऱ्यात. म्हणजे ओल्या मातीत पुरलेल्या लाकडाने दहा वर्षे काढली तरी आपण त्याला अव्वल म्हणतो. तीच जात कार्ल्याला दोन हजार वर्षे टिकली. तिथे लाकडाचा जमिनीशी संबंध नाही, डोक्यावर डोंगर असल्याने पावसाचे पाणी पोचत नाही, समोरच्या मोठ्या कमानीतून वारा खेळतो, आणि वाळवीला वर चढायचे तर उघड्या दगडावरून लांबचा रस्ता आहे.

लाकूड एकच, पण एकीकडे दहा वर्षे आणि दुसरीकडे दोन हजार. हे अंतर कशाने पडते, हा या पुस्तकाचा विषय आहे. इथे लाकूड म्हणजे घर उभे ठेवणारे लाकूड: खांब, तुळया, कड्या, वासे, आढे. कपाटे, पलंग आणि खिडक्यांची दारे यांचा विचार ओघात येईल तेवढाच केला आहे, कारण कपाट कुजले तर नवे करता येते, पण भिंतीत गेलेले तुळईचे टोक कुजले तर माणसे दगावतात.

नव्या वाचकाने प्रथम शत्रू ओळखावेत. गावात सगळ्यालाच ‘कीड लागली’ म्हणतात आणि तिथूनच उपाय चुकायला सुरुवात होते. लाकडाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा शत्रू बुरशी आहे, आणि बुरशीला पाणी लागते. लाकडातल्या पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या खाली राहिले तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. तीस टक्क्यांच्या आसपास लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने भरून जातात आणि मग कूज जोरात चालते. कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की छपराखालचे कोरडे लाकूडही अठरा-वीस टक्क्यांपर्यंत जाते, पण नुसत्या हवेने सहसा त्यापुढे जात नाही. पुढे जाते ते गळणाऱ्या कौलाने, तुंबलेल्या पन्हळीने आणि भिंतीत चढणाऱ्या ओलीने. म्हणून एकाच छपरातले बाकीचे वासे ठणठणीत असतात आणि एकच वासा एका ठिकाणी हाताने चुरला जातो. त्या जागेच्या बरोबर वर पाहिले की सरकलेले कौल सापडते.

कुजीचेही प्रकार आहेत. तपकिरी कूज लाकडातला सेल्युलोज खाते आणि मागे आडव्या-उभ्या भेगांचे चौकोनी तुकडे ठेवते. वजन फारसे घटण्याआधीच अशा लाकडाची ताकद निघून जाते, म्हणून भार वाहणाऱ्या लाकडासाठी ती सर्वांत धोक्याची. पांढरी कूज लिग्निनही खाते. लाकूड फिकट, तंतुमय आणि स्पंजासारखे होते.

वाळवीचे दोन मोठे गट वेगळे ओळखता आले पाहिजेत. जमिनीतली वाळवी वारुळाशी नाते तोडत नाही. तिला ओल लागते, उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधत येते आणि तुळईच्या आत शिरल्यावर वरचा पातळ पापुद्रा शाबूत ठेवून आतले सगळे खाते. बाहेरून रंग तसाच असतो. ठोकल्यावर आवाज पोकळ येतो. दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी, जी किनारपट्टीच्या घरांत जास्त आढळते. तिला जमिनीची गरज नसते, ती लाकडातच राहते, आणि तिची खूण म्हणजे लाकडाखाली पडलेल्या कोनदार, खसखशीएवढ्या विष्ठेच्या कण्या. भुंगेरे यांहून निराळे. ते कच्च्या, पांढरट लाकडातला आणि बांबूतला स्टार्च खातात आणि खाली मैद्यासारखे पीठ पाडतात. पिठाची ढिगली पाहून घराभोवतीच्या मातीत वाळवीचे औषध ओतणे म्हणजे पैसे आणि विष दोन्ही वाया घालवणे. हे रोज घडते.

या शत्रूंशी माणसाने कसे जमवून घेतले, त्याचा इतिहास मोठा आहे. त्याचे सोयीसाठी पाच प्रवाह करता येतात, पण प्रत्यक्षात चांगले घर नेहमी त्यांतले तीन-चार एकत्र वापरून उभे राहिलेले असते.

सर्वांत जुना प्रवाह निवडीचा. कोणते झाड, त्यातले कोणते लाकूड आणि कोणत्या ऋतूतले. जुन्या सुतारांना गाभ्याचे लाकूड आणि बाहेरचे पांढरट लाकूड यांतला फरक हाताला कळत असे. झाड वाढते तसा आतला भाग पाणी वाहण्याचे काम सोडतो आणि तिथे कडवट, विषारी द्रव्ये साठतात. सागाच्या गाभ्यातली अशीच द्रव्ये वाळवीला दूर ठेवतात. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ती नसतात, त्यामुळे सागाचे पांढरे लाकूड आंब्याइतकेच उघडे पडते. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने सागाची जहाजे बांधली त्यामागे हेच ज्ञान होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि त्यांच्या वंशजांच्या हाताखाली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या संग्रहालयात तरंगत ठेवलेले आहे. ओकमध्ये लोखंडी खिळे गंजतात, सागात तितके गंजत नाहीत, हाही या जहाजांच्या आयुष्यातला मोठा भाग.

लाकूड तोडण्याच्या तिथीबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा ही समजूत महाराष्ट्रभर आहे. चंद्राचा परिणाम किती, याबद्दलचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. ऋतूचा परिणाम मात्र खरा आहे. पावसाळ्यात कोंब वाढवून झाल्यावर थंडीत बांबूतला स्टार्च कमी असतो आणि भुंगेऱ्यांना खायला कमी मिळते. तोडलेला बांबू ओढ्यात किंवा तळ्यात काही आठवडे बुडवून ठेवण्याची रीतही याच कारणाने उपयोगी पडते. पाण्याबरोबर साखर आणि स्टार्च निघून जातो. त्या कुबट वासाला कंटाळून लोकांनी ती रीत सोडली, पण ती सोडण्यासारखी नव्हती.

तेल, धूर आणि डांबर हेही याच जुन्या काळातले उपाय. कोकणात होड्यांना आणि वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावत. ते अंगावर उडाले तर कातडी भाजते, पण लाकडात मुरल्यावर ते किड्यांनाही तसेच झोंबते. उंडीचे कडू तेलही वापरात होते. आणि चूल होती. स्वयंपाकघरावरचे वासे धुराने काळे कुळकुळीत झालेले असत, रोजच्या उष्णतेने कोरडे राहत. गॅस आला, बाईच्या डोळ्यांचा आणि छातीचा छळ थांबला, ते योग्यच झाले. पण छपराला रोज मिळणारी उष्णताही थांबली, आणि तिच्या जागी आपण वाऱ्याची सोय केली नाही.

दुसरा प्रवाह बांधणीचा आहे, आणि या पुस्तकाचा जीव त्यात आहे. पेशवाईतल्या वाड्यांचे खांब पाहा. शनिवारवाड्याची लाकडी इमारत १८२८ च्या आगीत गेली, तरी जोत्यांवर दगडी तळखडे अजून जागेवर आहेत. तळखडा खांबाचा पाय जमिनीपासून उचलून धरतो. लाकडाला सर्वांत जास्त तहान असते ती त्याच्या टोकाला, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडतात. उभ्या खांबाचे तळचे टोक ओल्या मातीत ठेवले तर तो पाणी वर ओढत राहतो. मध्ये दगड आला की ही ओढ तुटते. शिवाय वाळवीला लाकडापर्यंत जायचे तर दगडावरून नळी बांधावी लागते, ती केर काढताना डोळ्यांना दिसते आणि झाडूच्या एका फटक्याने मोडते. एका दगडाने दोन शत्रू अडवले, औषधाचा थेंबही न वापरता.

हाच धडा नॉर्वेच्या लोकांनी स्वतंत्रपणे घेतला. तिथली सर्वांत जुनी लाकडी चर्चे खांब जमिनीत पुरून बांधलेली होती, ती कुजून गेली. पुढच्या पिढ्यांनी दगडी पायावर लाकडी उंबरे टाकून त्यावर खांब उभे केले, भिंतींना पाइनचे डांबर चोपडले, आणि बाराव्या शतकाच्या अखेरीला बांधलेले बोर्गुंडचे चर्च आजही उभे आहे.

वाड्यातली खरी परीक्षेची जागा मात्र तळखडा नाही, ती आहे तुळईचे भिंतीत गेलेले टोक. जुन्या भिंती विटांच्या किंवा दगडांच्या, माती किंवा चुन्यात बांधलेल्या. त्या ओल घेत आणि उन्हाळ्यात ती हवेत सोडून देत. टोकाभोवती बोटभर फट ठेवली की तुळईलाही श्वास मिळे. मग कुणीतरी त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करते. घर नवे दिसते. पण गिलाव्याच्या भेगेतून आत गेलेले पाणी आता बाहेर पडू शकत नाही, ते तुळईच्या टोकाशी येऊन बसते. वर कडीपाटाला रंग मारलेला, तुळईचा मधला भाग वाजवला तर खणखणीत, आणि भिंतीत शिरलेली शेवटची वीतभर लांबी पेरूच्या गराइतकी मऊ. जाणता सुतार म्हणूनच तुळई मधे वाजवत बसत नाही. तो शिडी लावून टोकापाशी जातो, भिंतीलगत टोच्या घुसवतो आणि तो किती खोल जातो ते पाहतो. आता ओलावा मोजणारी छोटी यंत्रेही मिळतात, ती जरूर वापरावीत, पण टोच्याची जागा त्यांनी घेतलेली नाही.

तिसरा प्रवाह रसायनांचा, आणि तो रेल्वेमुळे फोफावला. १८३२ मध्ये इंग्लंडात कायन याने पाऱ्याच्या क्षारात लाकूड भिजवण्याचे पेटंट घेतले. १८३८ मध्ये बेथेल याने बंद लोखंडी टाकीत लाकडातली हवा आधी ओढून घेऊन मग दाबाखाली क्रिओसोट भरण्याची पद्धत आणली. आज जगभर जी दाबप्रक्रिया चालते ती मुळात हीच. रुळांखालचे स्लीपर लाखांनी लागत होते आणि ते कुजणे कुणालाच परवडत नव्हते. भारतात १९०६ मध्ये देहरादूनला वन संशोधन संस्था स्थापन झाली, आणि तिथल्या सोंटी कामेशम या अभियंत्याने १९३३ मध्ये ‘आस्कू’ शोधले. मोरचूद, आर्सेनिक आणि डायक्रोमेट यांचे ते मिश्रण. क्रोमियममुळे तांबे आणि आर्सेनिक लाकडाच्या तंतूंना धरून बसतात, पावसाने सहज धुऊन जात नाहीत. क्रिओसोटचा वास नाही, चिकटपणा नाही. विजेचे खांब, कुंपणे, बंदरांचे धक्के, घरांचे ओटे, जगभर हिरवट झाक असलेले जे लाकूड विसाव्या शतकात उभे राहिले ते बहुतांशी या एका शोधावर. आपल्या देशात कामेशम यांचे नाव किती विद्यार्थ्यांना माहीत आहे, हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो.

याच प्रवाहातले दुसरे नाव भारताशी जोडलेले आहे. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय बिहारमधल्या पुसा येथे सरकारी कीटकशास्त्रज्ञ होते, १९०९ मध्ये त्यांनी भारतीय कीटकांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या जुन्या ओक छपराला भुंगेऱ्यांनी पोखरले तेव्हा उपाय त्यांच्याकडे मागितला गेला. त्यातून त्यांनी लाकूड वाचवणारी कंपनी काढली, आणि १९२५ मध्ये प्रयोगशाळेत विषारी वायूवर काम करताना त्यांचा जीव गेला. लाकडाचे औषध माणसालाही विष असते, ही गोष्ट या व्यवसायाला सुरुवातीपासून ठाऊक होती.

तरीही आपण ती पुष्कळ काळ बाजूला ठेवली. आल्ड्रिन, डिल्ड्रिन, क्लोर्डेन घरांच्या पायात ओतली गेली. ती वर्षानुवर्षे मातीत टिकतात हाच त्यांचा गुण मानला जात होता, आणि त्याच कारणाने स्टॉकहोम कराराने त्यांच्यावर जगभर बंदी आणली. त्यांच्या जागी आलेले क्लोरपायरिफॉसही २०२५ मध्ये काही सवलतींसह त्याच यादीत गेले. आर्सेनिकयुक्त लाकूड अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी तयार होणे थांबले. आर्सेनिकची जागा आपल्याकडे बोरॉनने घेतली आहे. त्या मिश्रणात बोरिक आम्ल, मोरचूद आणि डायक्रोमेट असते. घराच्या आतल्या, पाण्यापासून दूर असलेल्या लाकडासाठी नुसता टाकणखार आणि बोरिक आम्लही चांगले काम देते. ते माणसाला तुलनेने कमी घातक, ओल्या लाकडात आपोआप खोल पसरते, भुंगेरे आणि वाळवी दोन्हींवर चालते. पण ते पाण्यात विरघळते, म्हणून उघड्यावरच्या खांबाला लावून उपयोग नाही.

इथे एक इशारा आत्ताच देतो, कारण तो पानांत हरवू नये. रेल्वेचे जुने स्लीपर ‘जुने पक्के लाकूड’ म्हणून विकले जातात. त्यांत क्रिओसोट असू शकते. हिरवट झाक असलेल्या खांबात आर्सेनिक असू शकते. असे लाकूड चुलीत, बंबात किंवा होळीत जाळू नका, त्याची राख भाजीच्या वाफ्यात टाकू नका, आणि त्याचा भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नका.

चौथ्या प्रवाहात विष न भरता लाकडाचा स्वभावच बदलतात. फिनलंडमध्ये लाकूड दोनशे अंशांच्या आसपास, हवा न लागू देता तापवतात. मग ते पाणी कमी घेते आणि सहज कुजत नाही. नेदरलँड्समध्ये पाइनच्या लाकडावर अॅसेटिक अॅनहायड्राइडची प्रक्रिया करतात, आणि तसल्या लाकडाचा पूल स्नेक शहरात २००८ मध्ये वाहतुकीला खुला झाला. हे काम मोठ्या आशेचे आहे. पण तापवलेले लाकूड ठिसूळ होते, भार वाहणाऱ्या तुळईला ते चालत नाही, आणि वाळवीपुढे त्याचा भरवसा कमी आहे. उत्तर युरोपात वाळवीची फारशी चिंता नाही, आपल्याला आहे. तिथले माहितीपत्रक वाचून इथल्या फार्महाउसला असे लाकूड मागवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

पाचवा प्रवाह पाहणीचा आणि दुरुस्तीचा. खांबाचा कुजलेला पाय तेवढाच कापून त्याखाली नवे लाकूड जोडण्याची कला जपानी सुतारांनी फार उंचीवर नेली, आणि होर्यूजीसारखी सातव्या शतकातली मंदिरे तिच्यामुळे तगली. आपल्याकडेही जुन्या खांबांना असे जोड दिलेले दिसतात. आज मात्र दुरुस्तीला आलेला ठेकेदार अख्खी तुळई काढून लोखंडी गर्डर टाकायला सांगतो, कारण त्याला तेवढेच येते.

हे सगळे आताच का सांगायचे? सिमेंटचा जगाच्या कार्बन उत्सर्जनातला वाटा साधारण सात-आठ टक्के आहे. कोरड्या लाकडाचे निम्मे वजन कार्बनचे असते; घनमीटरभर सागात हवेतून घेतलेला साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. म्हणून जगभर लाकडी बांधकाम परत येत आहे. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ पासून आपल्या इमारतींत लाकडाला घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. २०१७ मध्ये वन कायद्यातून बांबू ‘झाड’ या व्याख्येबाहेर काढला गेला आणि शेतकऱ्याला तो तोडणे, नेणे सोपे झाले. पण कुजून पंधरा वर्षांत बदलावे लागणारे लाकूड पर्यावरणाचे काहीच भले करत नाही. कोंडलेला कार्बन परत हवेत जातो आणि नव्या तुळईसाठी आणखी एक झाड जाते. लाकडाचा टिकाऊपणा सांभाळणे हेच इथे पर्यावरणाचे काम आहे.

शिवाय लाकूड बदलले आहे. आलापल्ली-बल्लारपूरच्या जंगलातला शंभर वर्षांचा साग आणि शेताच्या बांधावरचा पंधरा-वीस वर्षांचा साग यांना एकच नाव आहे, पण दुसऱ्यात पांढऱ्या लाकडाचा वाटा कितीतरी जास्त. बाजारात परदेशी पाइन आहे, रबराचे लाकूड आहे, निलगिरी, सिल्व्हर ओक, बाभूळ आणि आंबा आहे. ही लाकडे वापरायलाच हवीत, नाहीतर जंगले उरणार नाहीत. पण सागाच्या भरवशावर घडलेल्या आपल्या सवयी त्यांना चालणार नाहीत. आंब्याची तुळई योग्य प्रक्रिया करून, योग्य जागी, कोरडी ठेवली तर दोन पिढ्या काम देईल. तशीच सागासारखी वापरली तर मुलाचे लग्न होईपर्यंतही नाही.

आणि प्रश्न जिवाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जाड मातीची माळवदे माणसांवर कोसळली. जिथे माळवदाचे ओझे लाकडी खणांच्या सांगाड्याने नीट पेललेले होते आणि लाकूड शाबूत होते, तिथे काही घरांत भिंती ढासळूनही छत वर राहिले. मातीखाली वर्षानुवर्षे ओल धरून वाळवीने पोकळ केलेल्या कड्यांकडून ते होणे शक्य नव्हते. माळवदाखालची कडी तपासणे हे हौशी संवर्धकाचे काम नव्हे, ते घरच्या सुरक्षिततेचे काम आहे.

हे पुस्तक काय करू पाहते ते आता सांगतो. आपल्या मानक संस्थेच्या आयएस ६३१३ या संहितेचे तीन भाग आहेत. पहिला बांधकामातूनच वाळवी अडवण्याच्या उपायांवर, दुसरा बांधकामापूर्वीच्या रासायनिक प्रक्रियेवर, तिसरा उभ्या इमारतींवर. व्यवहारात जवळजवळ सगळे जण पहिला भाग न उघडता दुसऱ्यावर उडी मारतात. या पुस्तकाचा सगळा क्रम पहिल्या भागाच्या बाजूने लावलेला आहे. आधी पाण्याची वाट: छप्पर, पागोळ्या, जोते, टोके, वारा. मग लाकडाची निवड आणि वाळवण. औषध त्यानंतर, आणि तेही कोणत्या जागेला कोणते, किती खोल गेले पाहिजे, हे पाहून. लाकूड संरक्षणाच्या आयएस ४०१ या संहितेतली माहिती सुताराला समजेल अशा मराठीत देण्याचा प्रयत्न केला आहे. ब्रशने औषध फासणे आणि दाबाखाली औषध भरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने दुसऱ्याची हमी देणाऱ्या ठेकेदाराला कोणते प्रश्न विचारायचे, तेही इथे मिळतील.

पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: जुने घर राखणारा मालक, गावातला सुतार, आणि महाविद्यालयात काँक्रीटच शिकून बाहेर पडलेला तरुण वास्तुविशारद किंवा अभियंता. तुळईचे माप काढण्याचे गणित यात नाही, त्यासाठी वेगळी पुस्तके आहेत. समुद्रात बुडलेल्या लाकडाचा आणि त्याला पोखरणाऱ्या शिंपल्यांचा विषयही जवळपास बाजूला ठेवला आहे, कारण तो धक्के आणि होड्या बांधणाऱ्यांचा स्वतंत्र अभ्यास आहे.

एक उणीव मात्र एकट्या लेखकाला भरून काढता येणारी नाही. देहरादूनच्या चाचण्या देहरादूनच्या मातीत झाल्या. दापोलीच्या जांभ्यात, गडहिंग्लजच्या पावसात, बीडच्या काळ्या मातीत किंवा गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात ऐन, किंजळ, हेद, फणस किती वर्षे टिकतात, हे तिथले सुतार आणि शेतकरी जाणतात, पण कुठे लिहून ठेवलेले नाही. तुमच्या घरी, गोठ्यात किंवा कुंपणात लाकूड कधी घातले आणि कधी बदलले हे ठाऊक असेल तर लाकडाचे नाव, जागा, जमिनीत होते की वर, औषध लावले होते का, आणि किती वर्षे टिकले, एवढे पाच मुद्दे प्रकाशकांच्या पत्त्यावर लिहून पाठवा. पुढच्या आवृत्तीत त्या नोंदी तालुक्यानुसार छापल्या जातील.